शेजारची खुर्ची

संस्था, कार्यालयं आणि कारखाने चालवणाऱ्या सर्व प्रमुखांस,

सप्रेम नमस्कार.

मी हिशेब विभागात काम करते. मध्ये नऊ वर्षं घरी राहून वयाच्या ४१व्या वर्षी पुन्हा नोकरीत आले. रुजू झाल्यावर पहिले चार महिने माझी निम्मी शक्ती एकाच गोष्टीत जात होती: आपल्याला येत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये. नऊ वर्षांत सॉफ्टवेअर बदललं होतं, कागद कुणाकडून कुणाकडे जातो ती वाट बदलली होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलं-मुली माझ्या डोळ्यांदेखत भराभर कामं हातावेगळी करत होती. महिनाअखेरीला खात्यांचा ताळमेळ लावायला बसले की अर्ध्या तासात तळहातांना घाम फुटायचा.

त्यातून मला बाहेर काढलं ते अगदी साध्या गोष्टीनं. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यानं माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढली आणि दोन महिने, आठवड्यातून दोन वेळा, तासभर ते तिथे बसले. आज त्याच कामाची जबाबदारी माझ्यावर आहे. हे पत्र त्या खुर्चीबद्दल आहे. माझी मागणी एकच आहे. अनुभवी माणूस नवख्याच्या शेजारी बसतो, तो वेळ कामाचा वेळ म्हणून धरा, त्याची नोंद ठेवा आणि त्यासाठी त्याच्या इतर कामाचा भार कमी करा. अशी मागणी का करते आहे ते नीट सांगायचं तर थोडं लांबण लागेल.

आधी हे सांगते की मला मेंटॉर, म्हणजे काम शिकवणारा अनुभवी सहकारी, नेमून दिला गेला नव्हता असं नाही. रुजू होतानाच आम्हा नव्या लोकांच्या जोड्या लावल्या गेल्या, एक फॉर्म भरून घेतला गेला, उद्घाटनाचा छोटा कार्यक्रमही झाला. माझ्या वाट्याला आलेल्या बाई मनानं चांगल्या होत्या आणि कामात बुडालेल्या होत्या. मी अडले की त्या उठून यायच्या, म्हणायच्या, "द्या इकडे, मी करून देते." माउस त्यांच्या हातात जायचा, दोन मिनिटांत काम व्हायचं, मी आभार मानायचे. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तरीही त्या प्रत्येक खेपेला मी मनात एकच धडा गिरवत होते: हे काम दुसऱ्यांना येतं, मला येत नाही. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मी विचारणंच बंद केलं.

"द्या इकडे" हे दोन शब्द तुमच्या प्रत्येक विभागात दिवसातून कितीदा उच्चारले जात असतील, याचा विचार करा. त्यामागे दुष्टावा नसतो, घाई असते. पण शिकणाऱ्याच्या हातातून काम काढून घेताना त्याचा स्वतःवरचा विश्वासही थोडा काढून घेतला जातो. आणि घाई असते, कारण शिकवायला वेळ दिलेलाच नसतो. त्या बाईंच्या टेबलावर त्यांच्या स्वतःच्या कामाचा ढीग होता. मला करायला देऊन, मी चाचपडत असताना वीस मिनिटं शांत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर ती जबाबदारी वाढीव ओझं म्हणून टाकणारी जी पद्धत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

प्रौढ माणसाचं शिकणं मुलाच्या शिकण्यापेक्षा वेगळं असतं, हे आपण बोलताना मान्य करतो आणि कामाच्या ठिकाणी विसरतो. मुलाला न येण्याची मुभा असते, त्याचं न येणं त्याच्या वयाला शोभतं. चाळिशीतल्या माणसानं घर चालवलेलं असतं, आजारपणं काढलेली असतात, दहा माणसांचे निर्णय घेतलेले असतात. तो नव्या टेबलाशी येऊन बसतो आणि एका क्षणात त्याला काहीच येत नसतं. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी हे नेमकं टिपलं होतं. प्रौढ व्यक्ती स्वतःकडे आपला कारभार आपण पाहणारी व्यक्ती म्हणून बघते आणि तिला शाळकरी पोराच्या भूमिकेत ढकललं की ती शिकण्यालाच विरोध करू लागते. हा विरोध बाहेरून उद्धटपणा किंवा अनास्था वाटतो. आतून ती बहुतेक वेळा लाज असते.

ही लाज फक्त नवख्यांना वाटते असंही नाही. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास मांडला. पदव्या, यश, मान असं सगळं असूनही या स्त्रियांना वाटत होतं की आपण लोकांना फसवतो आहोत आणि एक दिवस उघडे पडू. तुमच्या कार्यालयात आज शांतपणे, वेळेवर काम करणाऱ्यांतही अशी भीती बाळगून जगणारे कुणीतरी असतीलच. बैठकीत ते बोलत नाहीत. बढतीच्या जागेसाठी अर्ज करत नाहीत. त्यांच्या अंगात किती कस आहे, हे तुम्हाला कधी कळतच नाही.

आता त्या खुर्चीकडे वळते.

पहिल्या दोन बैठकींत त्या निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यांनी मला काहीच करायला लावलं नाही. ते काम करत होते आणि मनात जे चाललं होतं ते मोठ्यानं बोलत होते. "इथे मी थांबतो. आकडा बरोबर दिसतोय, पण अखेरच्या आठवड्यातल्या नोंदी उशिरा येतात, म्हणून एकदा मागे जाऊन बघतो." मग त्यांनी एक जुनी फाइल काढली. तिच्यात त्यांचीच चूक होती: आरंभीची शिल्लक चुकीची ओढली गेली होती आणि ती चूक तीन महिने पुढे पुढे जात राहिली होती. ती कशी लक्षात आली, वरिष्ठांना कसं सांगितलं, दुरुस्त करायला किती दिवस गेले, ते सगळं त्यांनी सांगितलं. ज्या माणसाला सगळा विभाग विचारायला येत असे, तो मला स्वतःची चूक दाखवत होता. त्या दिवशी घरी जाताना किती हलकं वाटलं ते मला अजून आठवतं.

यामागचं कारण मला पुष्कळ नंतर वाचनात सापडलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो, हा त्याचा विषय होता. त्यांनी चार उगम सांगितले. स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि काम करताना शरीर-मनाची जी अवस्था होते तिचा आपण लावलेला अर्थ. यांत सगळ्यांत पक्का उगम पहिला, स्वतःच्या हातून झालेलं काम. दुसऱ्या उगमाबद्दल मानसशास्त्रज्ञांना पुढे एक गोष्ट आढळली, ती मला फार मोलाची वाटते. अडखळत, चुका सावरत पार पडणारा माणूस पाहून नवख्याला जेवढा धीर येतो, तेवढा सगळं सहज करणारा माणूस पाहून येत नाही. निष्णाताला पाहून आपण थक्क होतो. चुकून सावरलेल्याला पाहून वाटतं, मग मलाही जमेल.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी मला काम दिलं. तेही उलट्या टोकाकडून. पूर्ण झालेला, जुळलेला ताळमेळ हातात देऊन म्हणाले, हा तपासा. मग शेवटचा टप्पा माझ्याकडे आला, नंतर त्याच्या आधीचा. सगळ्यांत शेवटी सुरुवातीचा, जिथे चूक झाली तर पुढचं सगळं बिघडतं. मला ती त्यांची खास तऱ्हा वाटली होती. पण मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या वाई आणि गोला या जमातींच्या शिंप्यांकडे उमेदवारी, म्हणजे हाताखाली राहून काम शिकणं, कशी चालते याचा अभ्यास केला, त्यांनाही अगदी हाच क्रम दिसला होता. तिथला उमेदवार आधी बटणं लावतो, कडा दुमडून टाके घालतो. मग शिवण शिकतो. कापड कापणं सगळ्यांत शेवटी. कपडा बनतो त्याच्या बरोबर उलट. शेवटचे टाके चुकले तर उसवता येतात, कापणी चुकली तर कापड वाया जातं. शिवाय पूर्ण झालेला कपडा रोज हाताळल्यानं कापताना आपण कुठे पोचायचं आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली हे आणि अशा इतर उमेदवारांचे अनुभव एकत्र मांडले. नवखा माणूस कामाच्या कडेला, पण खऱ्याच कामात असतो आणि हळूहळू मध्यभागी सरकतो, असं त्यांचं म्हणणं आहे. 'खऱ्याच कामात' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. लावलेलं बटण कुणाच्या तरी अंगावर जाणार असतं, आणि म्हणूनच ते लावणाऱ्याला किंमत असते. आपण नवख्यांना कित्येकदा वेळ घालवण्यापुरतं काम देतो आणि मग त्यांच्यात उत्साह नाही म्हणतो.

याच काळात मी ताळमेळातल्या खाचाखोचा शिकले. एक सांगते. दोन बाजूंची बेरीज जुळत नसेल तर ते म्हणायचे, "नोंदी उपसायच्या आधी फरकाला नऊने भाग जातो का बघा." जात असेल तर कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिले असण्याची शक्यता मोठी. ८१च्या जागी १८ लिहिलं तर फरक ६३. त्याला नऊने भागलं की ७, आणि ८ आणि १ यांत अंतरही सातच. नऊने भाग जात नसेल तर फरक निम्मा करायचा आणि त्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची रक्कम नावे बाजूला पडली की फरक दुप्पट येतो. जुने हिशेबनीस हे सगळे जाणतात. पण आमच्या कामाच्या पुस्तिकेत ते नव्हतं, दोन दिवसांच्या प्रशिक्षणातही नव्हतं. कुणी मुद्दाम लपवलं होतं असं नाही, सांगावं असं कुणाला सुचलंच नव्हतं. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली लिहून ठेवलं आहे की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. सांगता न येणारं ते ज्ञान शेजारी बसल्यावरच बाहेर पडतं, कारण तेव्हा समोर खरा फरक असतो आणि विचारणारं माणूस असतं.

दुसऱ्या महिन्यात, आमच्या बैठका संपत आल्या होत्या तेव्हा, एका सकाळी ते खुर्ची घेऊन आले नाहीत. म्हणाले, "आज मी पलीकडच्या खोलीत आहे. अडलात तर या. पण येताना काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून आणा." त्या दिवशी फरक ५४०चा होता. मी तासभर नोंदी चाळल्या. मग त्यांच्याकडे न्यायचा कागद लिहायला घेतला. एक, बेरजा पुन्हा केल्या. दोन, उशिरा आलेल्या नोंदी पाहिल्या. तीन, असं लिहिताना हात थांबला. नऊने भागलंच नव्हतं. भागलं, ६० आले. म्हणजे उलटे पडलेले आकडे शतक आणि दशकाच्या घरातले आणि त्यांच्यात सहाचं अंतर. तसं शोधत गेले आणि वीस मिनिटांत व्हाउचर सापडलं: २,७१०च्या जागी २,१७० लिहिलं गेलं होतं.

संध्याकाळी ते आले. शाबासकी दिली नाही. विचारलं, "कसं सापडलं?" आणि मी दहा मिनिटं बोलत राहिले. रुजू झाल्यापासून त्या कार्यालयात मी सलग एवढं कधी बोलले नव्हते. ते ऐकत होते, मध्ये एकदा म्हणाले, "त्या टप्प्याला मी वेगळं केलं असतं, पण तुमचंही बरोबर आहे." त्या एका वाक्यानं मी त्या कामाची झाले.

माझा आत्मविश्वास वाढला तो 'तुम्ही हुशार आहात' असं कुणी म्हटल्यानं वाढला नाही, हे मुद्दाम सांगायचं आहे. कारण आजकाल आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे कौतुकाचे कार्यक्रम, प्रेरणादायी भाषणं असं समीकरण झालं आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली कामाबद्दल दिल्या जाणाऱ्या अभिप्रायांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले, एकूण ६०७ परिणाम. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी खालावलं होतं. अभिप्रायानं माणसाचं लक्ष कामावरून उठवून स्वतःकडे वळवलं की त्याची ताकद कमी होते, अशी त्यांनी याची संगती लावली. 'कसं सापडलं?' हा प्रश्न लक्ष कामावर ठेवतो. 'वा, तुम्ही तर कमाल केलीत!' हे वाक्य, कितीही प्रेमानं म्हटलं तरी, ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी कमाल झाली नाही तर काय या काळजीत टाकतं. कौतुक करूच नका असं मी म्हणत नाही. कौतुकाला झालेल्या कामाचा आधार हवा, एवढंच.

आणि ते पलीकडच्या खोलीत गेले, याला मी शेजारी बसण्याइतकंच महत्त्व देते. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली शिकवणाऱ्याच्या मदतीला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहते आहे तोवर परांची हवी, मग ती उतरवली पाहिजे. काही मेंटॉर ती उतरवतच नाहीत. त्यांना माणूस आपल्या हाताखालीच राहायला हवा असतो. कामाच्या ठिकाणच्या अशा नात्यांचा पायाभूत अभ्यास करणाऱ्या कॅथी क्रॅम यांनी या नात्याचे चार टप्पे सांगितले, त्यांत दूर होणं हा एक स्वतंत्र टप्पा आहे. त्यानंतर नातं नव्यानं जुळतं, बहुधा बरोबरीचं. १९८५च्या त्यांच्या ग्रंथात मेंटॉरच्या कामाचे दोन भागही आहेत: एक, कामात पुढे जायला मदत, आणि दुसरा, माणूस म्हणून आधार. माझा अनुभव असा की हे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. मला नऊचा नियम देणारा माणूस आणि स्वतःची चूक दाखवणारा माणूस एकच होता, म्हणूनच दोन्ही गोष्टी आत उतरल्या.

आता तुमच्या मनात येईल, मेंटॉरिंगच्या योजना तर आमच्याकडे आहेत. असतील. पण योजनेच्या नावावर विसंबू नका. या विषयावरच्या अभ्यासांचं मोठं एकत्रीकरण लिलियन इबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलं, त्यात मेंटॉरिंगचे सरासरी परिणाम चांगल्या दिशेनं पण माफकच दिसले. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण त्या सरासरीत माझ्या दोन्ही मेंटॉरसारखी माणसं एकत्र मोजली जातात. बेल रेगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली नात्याच्या दर्जाकडे पाहिलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मेंटॉर नुसता असल्यानं कामाबद्दलची आपुलकी आपोआप वाढत नाही. नातं समाधानाचं असेल तर वाढते. नावापुरतं असेल तर मेंटॉर नसल्यासारखंच.

योजना नकोतच, ज्यांचं जमेल त्यांचं आपोआप जमेल, असंही काही प्रमुख म्हणतात. याला माझा ठाम विरोध आहे. आपोआप जमतं ते सारख्यांचं. ज्येष्ठ माणूस नकळत आपल्यासारख्या बोलणाऱ्या, आपल्यासारख्या वाटेनं आलेल्या तरुणाला जवळ करतो. काम संपल्यावर मागे रेंगाळून गप्पा मारू शकणाऱ्याला खुर्ची मिळते. जिला वेळेवर घरी जायचं असतं, ज्याची भाषा थोडी वेगळी असते, जो वयानं मोठा पण पदानं लहान असतो, त्यांच्याकडे ती खुर्ची येत नाही. आणि नेमकी त्यांनाच तिची सगळ्यांत जास्त गरज असते. मला ती मिळाली हे नशीब होतं. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला नशिबावर सोडू नका.

माझी तुम्हाला विनंती आहे की जोडी लावताना दोघांशी बोला, आणि पहिल्या महिन्यानंतर कुणावर ठपका न ठेवता ती बदलण्याची मुभा ठेवा. दुसरं, आणि हे मला अटीसारखंच वाटतं, ज्याच्या हातात त्या माणसाचा वार्षिक अहवाल आहे त्याला त्याचा मेंटॉर करू नका. आपलं मूल्यमापन करणाऱ्यासमोर कोण म्हणेल, मला हे समजलं नाही? एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले, चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर त्यांना दिसलं की तिथे चुकांबद्दल मोकळेपणानं बोललं जात होतं, बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. भीतीच्या जागी चुका कमी होत नाहीत, दिसायच्या बंद होतात. हिशेबाच्या कामात न दिसणारी चूक किती पुढे जाते ते मी माझ्या त्या सहकाऱ्यांच्या जुन्या फाइलीत पाहिलं आहे.

वय आणि हुद्दा यांचीही फार पर्वा करू नका. १९९९च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांजवळ बसायला लावलं होतं आणि ते स्वतःही बसले होते. आमच्या विभागात छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ यंत्रावरून टेबलावरच्या कामाला आले, त्यांना सव्वीस वर्षांच्या मुलीनं तयार केलं. ती सुरुवातीला संकोचत होती, "काका, तुम्हाला मी काय सांगणार" म्हणायची. काका तिला यंत्राची बाजू समजावायचे, ती त्यांना संगणकावरची. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोघंही ताठ मानेनं बैठकीत बोलत होती. शिकवताना स्वतःला काय येतं ते माणसाला पहिल्यांदा दिसतं. मीही नवख्यांजवळ बसू लागले तेव्हा हे अनुभवलं. एका मुलानं मला विचारलं, ही नोंद आपण रोज वेगळी का ठेवतो? मला उत्तर देता आलं नाही. शोधलं तेव्हा कळलं की तिचं कारण कधीच संपलं होतं. ते काम आम्ही बंद केलं.

आता वेळेचा हिशेब, कारण तुम्ही तो विचारणार आणि तुमचा तो हक्क आहे. आठवड्याला दोन तास, आठ आठवडे, म्हणजे सोळा तास. आठ तासांचा दिवस धरला तर बरोबर दोन दिवसांचं प्रशिक्षण. तेवढं प्रशिक्षण मला मिळालं होतं, बंद खोलीत, पडद्यावर. बटणं कुठे आहेत ते तिथे समजलं, त्याचा उपयोगही झाला. पण तिसऱ्या दिवशी टेबलावर आलेले खरे कागद पडद्यावरच्या उदाहरणांसारखे नव्हते. खुर्चीचे सोळा तास माझे आणि सोळा त्यांचे, असे बत्तीस धरले तरी मी चार महिने भीतीत घालवलेल्या तासांपुढे ते काहीच नाहीत. त्या चार महिन्यांचा पगार संस्थेनं दिलाच होता.

पण त्यांच्या सोळा तासांची नोंद कुठेच झाली नाही. स्वतःचं काम पुरं करायला त्या दिवसांत ते उशिरापर्यंत थांबायचे, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी वाचलेल्या गौरवपत्रात किती वर्षं सेवा झाली, किती वार्षिक हिशेब वेळेत बंद केले, हे होतं. आमच्या विभागातली पाच माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली, हे त्यात नव्हतं. कारण ते लिहायला रकानाच नव्हता. त्या दिवशी आम्ही पाचही जण टाळ्या वाजवत उभे होतो आणि माझ्या घशात आवंढा अडकला होता. ही चूक तुमच्याकडे होऊ देऊ नका. माणूस असताना त्याच्या कामात ते मोजा.

पुढच्या सोमवारी आमच्याकडे एक नवीन सहकारी रुजू होत आहेत. वय पंचेचाळीस, मध्ये बारा वर्षांचा खंड. त्यांच्यासाठी माझ्या टेबलाजवळ मी खुर्ची मागवून घेतली आहे. पहिल्या बैठकीत त्यांना दाखवायला माझ्या चुकीची एक फाइलही काढून ठेवली आहे. त्या आठ आठवड्यांसाठी महिनाअखेरचं एक काम दुसऱ्याकडे द्यावं आणि माझ्या कामाच्या नोंदवहीत या सोळा तासांसाठी एक रकाना उघडावा, असा अर्ज मी माझ्या वरिष्ठांना दिला आहे. त्यांच्याही हाती हे पत्र पडेल अशी आशा आहे.

आपली,
हिशेब विभागातली एक कर्मचारी